दोन वह्यांचा खेळ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या सांगलीच्या पेठेत काही दुकानांतून अजूनही वहीपूजन होते. हिशेब केव्हाच संगणकात गेले. तरी लाल कापडी बांधणीची एक कोरी वही आणायची, पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा, हळदकुंकू वाहायचे, हा रिवाज टिकून आहे. मी चौतीस वर्षे सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात घालवली. त्यामुळे ह्या पूजेकडे पाहताना माझ्या मनात भक्तीबरोबर थोडासा संशयही असतो. पूजा एका वहीची होते. दुसरी वही असलीच, तर ती कोणी पाटावर मांडीत नाही.

अशी एक दुसरी वही मी हातात धरलेली आहे. एका पतसंस्थेत ठेवीदारांच्या पासबुकांत एक आकडा होता आणि संस्थेच्या खतावणीत दुसरा. पासबुकावर सही होती, शिक्का होता, व्याजदेखील वेळच्या वेळी चढवलेले होते. फक्त पैसे परत देण्याची वेळ आली की संस्था पासबुक पाहत नसे, खतावणी पाहत असे. भाजी विकणारी एक म्हातारी बाई आपले पासबुक माझ्यापुढे उघडून पुन्हा पुन्हा म्हणत होती, “सायेब, हितं लिवलंय की वो!” तिला काय उत्तर द्यावे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. पुढे चौकशी झाली, अहवाल गेला, संस्था बुडाली; तो सगळा इतिहास इथे सांगण्याचे कारण नाही. सांगायचे ते एवढेच, की जवळजवळ तेच वाक्य मी गेल्या दिवाळीत पुन्हा ऐकले, आणि ह्या खेपेला ते माझ्या नातवाच्या तोंडचे होते.

नातू पुण्याला असतो. तेव्हा बारावीत होता. संगणकावर पाच विरुद्ध पाच असा एक खेळ तो खेळतो. खेळाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण ही तऱ्हा त्या एकट्या खेळाची नव्हे. भाऊबीजेच्या दुपारी तो एक कागद घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात. ह्यात चूक कुठे आहे ती दाखवा.” कागदावर त्याच्या शेवटच्या चाळीस डावांची नोंद होती. २१ जिंकलेले, १९ हरलेले. जिंकल्यावर सरासरी १४ गुण मिळाले होते; हरल्यावर सरासरी २६ गेले होते. मी पेन्सिलीने गुणाकार केला : २९४ जमा, ४९४ खर्च. दोनशे गुणांची तूट. त्या खेळात शंभर गुणांची एक पायरी असते. म्हणजे निम्म्याहून अधिक डाव जिंकून मुलगा दोन पायऱ्या खाली उतरला होता. आहे तिथे नुसते उभे राहायचे म्हटले तरी ह्या भावाने त्याला वीस डावांपैकी तेरा जिंकावे लागले असते. “मी जिंकलोय जास्त, आजोबा. इथं लिहिलंय ना!”

बेरजेत चूक नव्हती. परंतु ज्या खात्यात जमा चौदाच्या भावाने होते आणि खर्च सव्वीसच्या भावाने पडतो, त्या खात्याच्या मागे दुसरे खाते असते, हे सांगायला हिशेबतपासनीसाला फार विचार करावा लागत नाही. मी विचारले, “दुसरी वही कुठे आहे?” तो म्हणाला, “ती आहे. पण ती दाखवत नाहीत.” आणि हे त्याने इतक्या सहजपणे सांगितले, की मला त्या आकड्यांपेक्षा त्या सहजपणाचीच अधिक धास्ती वाटली.

•

ज्यांच्या घरात असा खेळाडू नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. हे खेळ एकाच वेळी लाखो लोक खेळतात. कोणाची गाठ कोणाशी घालायची हे यंत्र ठरवते. त्यासाठी यंत्र प्रत्येकाच्या नावावर एक आकडा ठेवते; त्याला आपण गुणांक म्हणू. साधारण सारख्या गुणांकाचे दहा जण हुडकायचे, त्यांच्या दोन तुकड्या करायच्या आणि डाव लावायचा. डाव झाला की जिंकणाऱ्यांचा गुणांक वाढतो, हरणाऱ्यांचा घटतो. ही झाली खतावणी. खेळाडूच्या पडद्यावर मात्र हा आकडा दिसत नाही. त्याला दिसतो एक हुद्दा : लोखंड, कांसे, रुपे, सोने, हिरा अशा नावांचा, वर एक झळझळीत बिल्ला, आणि त्या हुद्द्याच्या आत चढउतार करणारे काही गुण. हे झाले पासबुक.

गाठ कोणाशी पडणार, हे बहुतांशी खतावणी ठरवते. पासबुक तिच्या मागून फरफटत येते. बिल्ला गुणांकापेक्षा वर गेला असेल, तर जिंकल्यावर थोडे मिळते आणि हरल्यावर फार जाते. बिल्ला खाली असेल तर ह्याच्या उलट. रायट कंपनीने २०२० साली आलेल्या आपल्या व्हॅलोरंट ह्या खेळाविषयी ही रीत स्वतःच समजावून सांगितली आहे. म्हणजे मी काही गुपित फोडतो आहे असे नव्हे. गुपित रीतीचे नाही, आकड्याचे आहे. तुमच्या नावावर एक आकडा आहे, तोच तुमचे सगळे ठरवतो, आणि तो तुम्हाला मिळणार नाही, एवढे मात्र मोकळेपणाने सांगितले जाते.

गाठ घालण्याच्या विरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे जत्रेच्या मैदानात रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत जोड पाहूनच कुस्ती लावतात. नवशिक्याला कसलेल्या मल्लापुढे उभा करण्यात शौर्य नाही आणि करमणूकही नाही. ॲक्टिव्हिजन कंपनीने २०२४ साली आपल्या कॉल ऑफ ड्यूटी ह्या खेळासंबंधी प्रसिद्ध केलेल्या माहितीत म्हटले आहे, की गाठ घालताना कौशल्याला दिलेले वजन प्रयोगादाखल कमी केले, तेव्हा खेळाडू अधिक प्रमाणात खेळ सोडून जाऊ लागले. हे मला पटते. परंतु जत्रेतली जोड चारचौघांसमक्ष लागते. दोघे मल्ल शेजारी उभे राहतात, मैदान बघत असते, आणि जोड विजोड असली तर लोक तिथल्या तिथे ओरडतात. जोड लावणे आणि जोड कशी लावली ते झाकणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या समर्थनार्थ दिलेली कारणे दुसरीच्या खात्यावर वळती करण्याची जी हातचलाखी चालते, तिच्याविरुद्ध हा लेख आहे.

•

गुणांकाची कल्पना मुळात उघड्या बाजारातली आहे. अर्पाद एलो हे जन्माने हंगेरीतले, लहानपणीच अमेरिकेत गेलेले, मिलवॉकी येथे पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटू. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघाने १९६० साली स्वीकारली आणि फिडे ह्या जागतिक संघटनेने १९७० साली. पद्धत इतकी सरळ आहे, की ती पेन्सिलीने तपासता येते. दोघांच्या गुणांकांत २०० चा फरक असेल, तर वरच्याने शंभर गुणांपैकी सुमारे ७६ मिळवावेत अशी अपेक्षा. मिळवले त्यातून अपेक्षा वजा करायची आणि बाकीला ठरलेल्या संख्येने गुणायचे. ती संख्या २० असेल आणि खालच्याने वरच्याला हरवले, तर खालच्याला सुमारे १५ गुण मिळतात. हरला तर त्याचे सुमारे ५ जातात. म्हणजे जमाखर्चाचे भाव इथेही सारखे नाहीत. पण ते का सारखे नाहीत, हे दोघांचे आकडे समोर असल्यामुळे शाळकरी पोराला कळते.

मी स्वतः सांगलीच्या स्पर्धांतला एक सामान्य खेळाडू आहे. इथे पटावर बसण्याआधी माझ्या नावापुढे माझा आकडा लिहिलेला असतो आणि समोरच्याच्या नावापुढे त्याचा. समोर दहा वर्षांचे पोर असते, त्याचा आकडा माझ्याहून तीनशेने मोठा असतो, आणि दीड तासात ते मला त्याचा पुरावाही देते. ह्यात अपमान आहे. परंतु फसवणूक नाही. आणि पद्धतीत चूक झाली तर ती कशी दुरुस्त करावी, हेही ह्याच बाजारात पाहायला मिळते. खालच्या थरातल्या खेळाडूंचे गुणांक प्रमाणाबाहेर घसरल्याचे फिडेच्या ध्यानात आले. तेव्हा १ मार्च २०२४ रोजी २००० च्या खालच्या सर्वांचे गुणांक एकदाच वाढवण्यात आले. किती वाढवायचे? २००० ला जितके कमी पडतात, त्याच्या चार दशांश. हे सूत्र आधी जाहीर झाले होते. माझे १४५० चे १६७० झाले. उतारवयात मी एका रात्रीत २२० गुणांनी शहाणा झालो. पण का झालो, हे मला ठाऊक होते आणि गावातल्या प्रत्येक बुद्धिबळपटूलाही ठाऊक होते. त्यामुळे कोणी पेढे मागितले नाहीत.

आता संगणकी खेळांकडे पाहा. लीग ऑफ लेजेंड्स हा खेळ २००९ साली आला, तेव्हा आरंभीची वर्षे त्यात असाच आकडा दिसत असे. २०१३ पासून तो झाकला गेला आणि त्याच्या जागी हुद्दे आले. स्टारक्राफ्टच्या दुसऱ्या भागात २०१० साली पहिल्यापासूनच आकडा झाकलेला होता. तिथे तर खेळाडूंचे शंभर-शंभरांचे गट पाडीत आणि तुम्ही तुमच्या गटात कितवे, ते सांगत. एकाच दर्जाचे असे असंख्य गट असल्यामुळे असंख्य खेळाडूंना एकाच वेळी पहिले येण्याचे भाग्य लाभे. डोटाच्या दुसऱ्या भागात २०१७ साली असे पदक आले, की ते एकदा छातीवर चढले म्हणजे आकडा कितीही घसरला तरी त्या हंगामात खाली उतरत नसे.

ह्या सगळ्यामागचा हेतू ओळखणे कठीण नाही. सुमारे सारख्यांशीच गाठ पडत राहिली, तर माणूस निम्मे डाव जिंकतो आणि निम्मे हरतो. त्याचा खरा आकडा आपल्या जागी पोचला, की तिथेच घुटमळतो. कौशल्य वाढायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात; आणि काही वेळा ते वाढतच नाही. हे सत्य आहे, पण ते विकता येत नाही. म्हणून वर एक शिडी उभी करायची. हंगाम संपला की सगळ्यांना तिच्यावरून दोन-तीन पायऱ्या खाली उतरवायचे, आणि नव्या हंगामात त्याच पायऱ्या पुन्हा चढू द्यायच्या. आतला आकडा एवढा हललेलाही नसतो. दिवाळीच्या तोंडावर भाव वाढवून त्यावर सवलतीची पाटी लावणारा दुकानदार आपण ओळखतो. गिऱ्हाईक पिशवी भरून आनंदाने घरी जाते. त्याच्या खिशाला विचारले तर तो वेगळे सांगेल.

•

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

पहिले म्हणणे असे, की आकडा दिसला म्हणजे माणसे खेळायचे सोडून आकडाच सांभाळत बसतात. एखादा गुण जाईल म्हणून डावच टाळतात. खरे आहे. बुद्धिबळातही असे महाभाग आहेत. मीही काही वर्षे त्यांतलाच होतो. पण आकडा झाकून ही भीती गेली आहे का? माझा नातू सोन्याचा बिल्ला जाईल म्हणून दिवाळीच्या फराळावर लक्ष नसलेला बसतो. भीती तीच राहिली, फक्त ती आता खऱ्या आकड्याऐवजी देखाव्याच्या आकड्याला चिकटली आहे. आणि ज्याला खरोखरच आकडा पाहायचा नसेल, त्याची सोय करणे अवघड नाही. लिचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ फुकट आहे, वर्गण्या-देणग्यांवर चालते. तिथे गुणांक उघड असतो, आणि नको असलेल्याला तो आपल्यापुरता झाकून घेता येतो. डोळे मिटण्याचा अधिकार खेळाडूचा असावा. दुसऱ्याने येऊन आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधणे आणि ती आपल्याच सुखासाठी आहे असे सांगणे, हे वेगळे.

दुसरे म्हणणे शास्त्रीय आहे. डाव थोडे झाले असतील तर आकडा कच्चा असतो. शिवाय पाच जणांच्या तुकडीत जिंकण्याहरण्याचे श्रेय एकेकाला वाटणे कठीण. असा डळमळता आकडा दाखवला तर लोकांची दिशाभूल होईल. ह्याचे उत्तर शास्त्रानेच देऊन ठेवले आहे. मार्क ग्लिकमन ह्यांनी १९९५ साली जी पद्धत मांडली, तीत गुणांकाबरोबर त्याच्या अनिश्चिततेचाही आकडा ठेवलेला आहे. मायक्रोसॉफ्टने २००५ साली आपल्या खेळांसाठी ट्रूस्किल ही पद्धत आणली, तीतही हेच दोन आकडे असतात : अंदाज आणि अंदाजाचा कच्चेपणा. अंदाजातून कच्चेपणाची तिप्पट वजा करून जे उरते ते दाखवावे, अशी तिथली रूढ रीत. नव्या खेळाडूचा अंदाज २५ आणि कच्चेपणा २५ चा तिसरा हिस्सा. म्हणून त्याला दिसते ते बरोबर शून्य. डाव वाढतात, कच्चेपणा घटतो, आणि दिसणारा आकडा आपोआप वर येतो. इथेही खरा अंदाज आणि दिसणारा आकडा निराळे आहेत. पण एकातून दुसरा कसा निघतो हे छापून प्रसिद्ध झालेले आहे. लिचेसवर गुणांक अजून कच्चा असेल, तर त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असते. ‘आम्हाला अजून नक्की माहीत नाही’ असे म्हणण्याची एवढी साधी, सभ्य रीत उपलब्ध असताना ‘माहीत आहे, पण सांगणार नाही’ असे का म्हणावे?

तिसरे म्हणणे असे, की रीत उघड केली तर लबाड तिचा गैरफायदा घेतील. बुद्धिबळाचे सूत्र साठ वर्षांहून अधिक काळ उघडे आहे. लबाडी झाली, नाही असे नाही. संगनमताने निकाल ठरवून गुणांक फुगवणारेही झाले. पण आकडे सर्वांसमोर असल्यामुळे संशय घेण्याला जागा राहिली. उलट, झाकलेल्या आकड्यांच्या खेळांत जाणूनबुजून हरून खाली उतरणारे आणि नवे नाव घेऊन कच्च्या पोरांना झोडपणारे थोडे आहेत का? कुलूप लावल्याने चोरी थांबली नाही. फक्त पंचनाम्याची सोय गेली.

आणि उघड केल्याने आकाश कोसळते का, ह्याची साक्ष कंपन्यांनीच काढून ठेवली आहे. डोटा चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने २०१३ च्या डिसेंबरात हा आकडा खेळाडूंना दाखवायला सुरुवात केली. स्टारक्राफ्टमध्ये सहा वर्षे झाकलेला आकडा २०१६ साली उघड झाला. दोन्ही खेळ त्यानंतरही चालूच राहिले. ओव्हरवॉच ह्या खेळाने उलटी वाट धरून पाहिली. २०१६ साली तिथे आकडा दिसत असे. २०२२ च्या ऑक्टोबरात नवी आवृत्ती आली आणि तो गेला. सात डाव जिंकेपर्यंत किंवा वीस हरेपर्यंत हुद्दा बदलतच नसे. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनीच दर डावानंतर प्रगतीची पट्टी दाखवायला आरंभ केला, आणि गुण कमी-जास्त का झाले ह्याची कारणेही सोबत देऊ लागले. म्हणजे निम्मी वही उघडावी लागली.

•

परंतु मला ज्याची खरी काळजी वाटते, ती गोष्ट ह्याहून मोठी आहे. २०१७ साली दोन कागद जगापुढे आले. एक होता शोधनिबंध. त्याच्या लेखकांत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या कंपनीचे संशोधक होते. निबंधाचा मुद्दा असा, की सारख्यांशी सारखा गाठणे हे ध्येयच मानू नये. खेळाडू खेळाला किती चिकटून राहील, हे पाहून गाठ घालावी. कोण सलग हरला, कोण सलग जिंकला, आणि त्यामुळे कोण सोडून जाण्याच्या बेतात आहे, ह्याचा हिशेब करून पुढचा प्रतिस्पर्धी नेमावा. दुसरा कागद ॲक्टिव्हिजनला मिळालेल्या एका एकस्वाचा. त्यात, खेळाडूने खेळातल्या वस्तू विकत घ्याव्यात म्हणून त्याची गाठ कोणाशी घालता येईल, ह्याची योजना होती. उदाहरणार्थ, जी बंदूक त्याने घ्यावीशी वाटते, ती आधीच घेतलेल्या तरबेज खेळाडूशी. ही योजना कोणत्याही खेळात वापरलेली नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले. निबंधातली रीत वापरली गेली, असेही मी म्हणत नाही.

मी म्हणतो ते एवढेच : वापरली की नाही, हे तुम्ही-आम्ही तपासणार कसे? वही बंद असली, की प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या धंद्याचे हे पहिले सूत्र आहे. चेअरमन चोर आहे असे गृहीत धरून हिशेब तपासत नाहीत. तो चोर नाही हे चारचौघांत म्हणता यावे, म्हणून तपासतात. लीग ऑफ लेजेंड्सच्या खेळाडूंत कित्येकांची अशी पक्की समजूत आहे, की यंत्र आपल्याला ठरवून ‘हरणाऱ्यांच्या रांगेत’ उभे करते. कंपनीने हे साफ नाकारले आहे, आणि मला ते नाकारणे खरेही वाटते. पण लोकांचा विश्वास बसत नाही. कसा बसावा? एका आकड्याविषयी गप्प राहिलेल्या माणसाने दुसऱ्याविषयी शपथ घेतली, तर ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडे पाहतो.

आणि ह्या अंधाराचा परिणाम पोरांवर काय होतो, तो मी घरात पाहिला. नातवाने आपल्या घसरणीची कारणे शोधून ठेवली होती. सोबत्यांना खेळता येत नाही. यंत्र आपल्यावर डूख धरून आहे. रात्री अकरानंतर चांगली तुकडी मिळते. मंगळवारी खेळू नये. होय, मंगळवारी! ज्या मुलाला संभाव्यतेचे गणित येते, तो मुलगा शकुन पाहू लागला होता. शाळेपासूनचा एक मित्र त्याच्याबरोबर खेळत असे. ‘तुझ्यामुळे आपण हरतो’ म्हणून त्याच्याशी दोन महिने अबोला होता. हे सगळे कशापायी? तू जिथे उभा आहेस असे आम्ही दाखवतो आहोत, तिथे तू नाहीस. दोन पायऱ्या खाली आहेस. एवढे एक वाक्य त्याला कोणी सांगितले नाही म्हणून. खरा आकडा दिसला असता तर त्याला वाईट वाटले असते. परंतु त्या वाईट वाटण्यातून माणूस सरावाला लागतो. आकडा नाही म्हटल्यावर तो आरोपी शोधायला लागतो.

हसून कोणी म्हणेल, की देशापुढे एवढे प्रश्न असताना ह्या म्हाताऱ्याला पोरांच्या खेळातल्या बिल्ल्यांची चिंता. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की मूल खेळातूनच न्याय शिकते. डाव कोणावर आला, पाय रेषेच्या बाहेर पडला की आत, ह्यावर गल्लीत जे भांडण होते, ते त्याचे पहिले न्यायालय असते. तिथे नियम सर्वांना ठाऊक असतात, म्हणून तर भांडता येते. माझी खरी किंमत कुठेतरी लिहिलेली आहे, ती दुसऱ्याच्या मालकीची आहे, आणि मला तिच्याऐवजी एक चकचकीत चित्र मिळेल, हे ज्याने सतराव्या वर्षी ‘असंच असतं’ म्हणून मान्य केले, तो उद्या कुठल्या खतावणीसमोर उभा राहून प्रश्न विचारणार आहे?

•

नुसती टीका करून थांबू नये, म्हणून माझ्या मागण्या लिहून ठेवतो. खेळाडूचा गुणांक आणि त्याचा कच्चेपणा त्या खेळाडूला दिसावा. जगाला दाखवायचा की नाही, ते त्याचे तो ठरवील. दर डावानंतर गुण किती बदलले आणि का बदलले, हे लिहिलेले असावे. गाठ घालताना कौशल्याखेरीज आणखी काय पाहतात, जोडणीचा वेग, रांगेतला वेळ, की गिऱ्हाइकाची खरेदी, ते जाहीर असावे. रीत बदलायची तर आधी सांगून बदलावी. आणि ह्या सर्वांची बाहेरच्या माणसाकडून तपासणी व्हावी. बिल्ले ठेवायचे तर खुशाल ठेवा. मलाही लहानपणी बिल्ले आवडत. फक्त बिल्ल्याच्या मागच्या बाजूला खरा आकडा कोरा.

त्या दुपारी मी नातवाला पूजेसाठी आणलेल्या दोन वह्यांतली एक दिली. म्हटले, “ते खतावणी दाखवत नाहीत ना, मग आपण उलट बाजूने काढू. ज्या पायरीवर तुझी जमा आणि तुझा खर्च एका भावाने होऊ लागेल, ती तुझी खरी जागा.” तो पुण्याला गेला आणि डावागणिक नोंद करू लागला. नाताळच्या सुमाराला त्याचा फोन आला. आणखी खाली गेला नव्हता. जिंकल्यावर वीस मिळत होते, हरल्यावर वीस जात होते. “म्हणजे मी इथलाच होतो, आजोबा,” तो म्हणाला. आवाजात थोडी खिन्नता होती. पण वैताग नव्हता. मित्राशी बोलणे सुरू झाले होते. खेळ त्याने सोडला नाही. खरा आकडा कळला की खेळाडू पळून जातात, असे मानणाऱ्यांनी ही एक नोंद लक्षात घ्यावी. एका नोंदीवरून सिद्धांत होत नाही, हे मलाही कळते.

मंगळवारीही तो आता खेळतो.

ह्या लक्ष्मीपूजनाला मी पुन्हा एक कोरी वही आणीन आणि पहिल्या पानावर ‘श्री’ काढीन. त्या वेळी मला ती भाजीवाली बाई आठवेल, नेहमी आठवते. तिला त्या दिवशी जे सांगायला हवे होते, ते मला फार उशिरा सुचले. बाई, लिहिले आहे हे खरे. पण ते कोणत्या वहीत, हे आधी विचारायचे असते. तिला कोणी हे शिकवले नव्हते. निदान आपल्या पोरांना तरी ते खेळता खेळता शिकू द्या.